माणूस नकोसा करण्याचा अभ्यासक्रम

४ जानेवारी, सकाळी ७.१०

नवी वही. आजपासून रोज लिहायचं, आणि खरं तेच लिहायचं. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे बढाई मारण्यात काही अर्थ नाही.

निवृत्त होऊन चार महिने झाले. चौतीस वर्षं प्रशिक्षण विभागात काढली. हजारो माणसं माझ्या हाताखालून गेली. फीडबॅक फॉर्ममध्ये बहुतेकांनी चहा चांगला होता असं लिहिलंय, पण तो चहा ठरवणारा मीच होतो.

घरात मात्र या अनुभवाची कदर नाही. काल स्वयंपाकघरातले डबे अक्षरानुक्रमे लावले. हिने ते बघितलं. डबे एकेक करून होते तिथे परत ठेवले, हात पुसले आणि म्हणाली की तुम्ही रोज चार तास कुठेतरी जात जा. कुठे ते तिने माझ्यावर सोडलं. एवढा विश्वास आहे अजून.

६ जानेवारी

सोय झाली. शेवटच्या बसथांब्यापाशी जखमी पक्ष्यांचं केंद्र आहे. फाटकावर स्वयंसेवक हवेत असा बोर्ड, अर्धा पुसलेला. म्हणजे गरज जुनी आहे.

तिथल्या डॉक्टरबाई पस्तिशीच्या असतील. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता बोटांकडे बघतात. सगळी आहेत का ते मोजत असाव्यात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, गप्प बसता येतं का. मी मुळात किती मितभाषी आहे ते त्यांना वीस मिनिटं समजावून सांगितलं. घेतलं मला.

काम असं. एका व्यापाऱ्याच्या गोदामातून सोडवून आणलेले बारा पोपट आहेत. काही पिल्लू असताना घरट्यातून काढलेले, काही लोकांच्या घरात वर्षानुवर्षं राहून पुन्हा विकले गेलेले. सगळ्यांच्या पंखांची पिसं कापलेली. नवी पिसं आली, की त्यांना तयार करून जंगलात सोडायचं. मार्चअखेर वनखात्याचे साहेब तपासणीला येणार. पास झाला तो बाहेर, नापास झाला तो कायमचा आत. पोपट पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो म्हणे. म्हणजे कायमचा हा शब्द तेवढा लांब आहे.

नियम तीन. त्यांच्यासमोर बोलायचं नाही, त्यांना हात लावायचा नाही, नाव द्यायचं नाही. प्रत्येकाच्या पायात नंबराची रंगीत कडी आहे. पिंजऱ्यात जाताना आपण हिरवा झगा घालायचा आणि तोंडावर जाळी ओढायची, म्हणजे त्यांना माणसाची ओळखच होऊ नये. सोपं आहे.

७ जानेवारी

पहिला दिवस. पिंजरा साठ फूट लांब, दोन मजले उंच. पोपटांना वाटीतून खायची सवय आहे आणि झाडाला वाट्या लागत नाहीत, म्हणून फळं फांद्यांत लपवायची. मला फांद्या तोडून आणायला आणि फळं तारेने बांधायला सांगितलंय. थोडक्यात, अन्नशोध विभागाचा प्रमुख मी.

हाताखाली मौनीबाबा. हा इथला जुना मदतनीस, पन्नाशीचा. पिंजऱ्याच्या आसपास अकरा वर्षांत त्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही, म्हणून हे नाव पडलंय. त्याचा असा समज दिसतो की मी त्याच्या हाताखाली आहे. हळूहळू दूर करीन.

९ जानेवारी

अभ्यासक्रम तयार केला. बारा आठवडे, तीन भाग: उडणे, शोधणे, घाबरणे. चार रंगांत तक्ता. डॉक्टरबाईंनी नीट बघितला, कागद चांगला जाड आहे म्हणाल्या आणि आजारी असलेल्या तीन नंबरखाली अंथरला. त्याची विष्ठा तपासायची होती. काम मार्गी लागलं हे महत्त्वाचं.

१३ जानेवारी

उडणे, पाठ पहिला. नवी पिसं येऊ लागली आहेत, पण पोपट उडत नाहीत. चालतात. दांडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला असे निघतात, जणू जेवणानंतर शतपावली करतायत. डॉक्टरबाई म्हणाल्या की स्नायूंना सवय राहिलेली नाही, वेळ लागेल. मला वाटतं प्रात्यक्षिकाचा अभाव आहे.

म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्यावर मी हात पसरून पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून दाखवलं. तिसऱ्या फेरीला पाय पाण्याच्या परातीत. बाराही जण खाली वाकून बघत होते. एवढं लक्ष देणारा वर्ग मला उभ्या नोकरीत मिळाला नाही. गुडघा सुजलाय.

१६ जानेवारी

नऊ नंबर. केशरी कडी. हा बोलतो. आधी कोणाच्या तरी घरात असणार, कारण आवाज एका दमलेल्या बाईचा आहे. आपण आत शिरलो की म्हणतो, दार लाव आधी. बाकी शब्द येत नाही.

मी दार लावलं. शिष्टाचार आहे.

तोंडावरची जाळी काढून ठेवावी लागली. श्वासाने चष्म्यावर धुकं येतं आणि मग मी परातीत पाय घालतो. ही सुरक्षिततेची बाब आहे.

२० जानेवारी

नऊ नंबर माझ्या जवळच्या फांदीवर येऊन बसतो. बाकीच्यांपेक्षा हुशार आहे, हे मी अनुभवावरून सांगतो.

मी त्याच्याशी बोलत नाही. पण कोणी सरळ तोंडावर विचारलं तर उत्तर न देणं हा उद्धटपणा झाला. तो म्हणतो दार लाव, मी म्हणतो लावलं. हे बोलणं नाही, ही माहिती झाली. मग विषय निघतोच. उडण्याचं महत्त्व, शिस्तीचं महत्त्व. मोजक्या शब्दांत.

खिशातून बिस्किट खाली पडलं. त्याने उचललं. आज तीनदा पडलं.

२७ जानेवारी

घाबरणे, पाठ पहिला: ससाणा. पुठ्ठ्याचा ससाणा तारेवरून सरकवायचा, त्याच वेळी पोपटांच्या धोक्याच्या हाकेची रेकॉर्डिंग लावायची. पोपटांनी पानांत लपणं अपेक्षित. ससाणा मी स्वतः कापला आणि रंगवला. दोन दिवस लागले.

पोपट त्याच्यावर बसले. पाच जणांनी तो कुरतडून खाल्ला. डॉक्टरबाई म्हणाल्या की कोंबडीसारखा दिसतो. चित्रकलेत मतभेद असायचेच. मौनीबाबाने काठीला काळं फडकं गुंडाळून पाच मिनिटांत काहीतरी बनवलं, ते सरकवल्यावर पिंजऱ्यात एकही पोपट दिसेना. माझ्या ससाण्याने पाया घातला होता म्हणून.

३ फेब्रुवारी

उडण्यात प्रगती. सहा जण आता न थांबता पूर्ण पिंजरा पार करतात.

पण एक गंभीर प्रकार लक्षात आलाय. केंद्रातलं कोणीतरी पोपटांना बोलायला शिकवतंय. दोन, पाच आणि अकरा नंबर आधी घसा खाकरतात आणि मग एका उतारवयातल्या पुरुषाच्या आवाजात विचारतात, लक्षात आलं ना? आवाज जरा कंटाळवाणा आहे. इतका बेजबाबदार माणूस कोण, ते मी शोधून काढणार.

संशय मौनीबाबावर. गप्प राहणाऱ्यांचं काही खरं नसतं.

५ फेब्रुवारी

फांद्यांच्या ढिगामागे बसून दोन तास मौनीबाबावर नजर ठेवली. एक अक्षर बोलला नाही. मुरलेला आहे. शेवटी पिंजऱ्यातच गाठला आणि कामावरची शिस्त म्हणजे काय, ते त्याला मुद्देसूद सांगितलं. चाळीस मिनिटं. त्याने मान हलवली, फांद्या बांधून संपवल्या आणि गेला.

जाताना मोजलं तर खाकरणारे पोपट सात झालेत. म्हणजे मी तिथे असताना त्याने डाव साधला. कसा, ते कळत नाही.

८ फेब्रुवारी

चष्मा घरी राहिला म्हणून ही केंद्रावर घेऊन आली. जाळीबाहेर उभी होती. मी आत शिरलो तसे सात पोपट एकामागून एक खाकरले आणि त्यांनी मला विचारलं, लक्षात आलं ना?

ही जाळी धरून हसायला लागली. हसता हसता खाली बसली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली की तेहतीस वर्षं घरात एक होता, आता सात झाले. मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे. त्यावर ती आणखी हसली.

बसमध्ये तिसऱ्या थांब्याच्या सुमारास लक्षात आलं.

मौनीबाबाची माफी मागायला हवी. उद्या मागीन.

९ फेब्रुवारी

मी सांगायला गेलो, तर डॉक्टरबाईंना आधीच कळलं होतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, मला खुर्ची दिली. मला खुर्ची देऊन कोणी काही सांगायला लागलं की ती बातमी चांगली नसते.

त्या म्हणाल्या, बोलणारा पोपट जंगलात सोडला तर तो माणसाचा आवाज ऐकून जवळ जातो. जवळ गेला की पहिल्याच दिवशी पकडला जातो. तपासणीत एकाने जरी तोंड उघडलं किंवा माणसाच्या हातून खाल्लं, तर तो नापास. मला घरी पाठवून हे निस्तरणार नव्हतं. पोपटांना माझा आवाज आवडू लागलाय, तर आता त्याच आवाजाची त्यांना भीती बसली पाहिजे. उत्तर मिळालं नाही आणि आवाजाबरोबर त्रासच होऊ लागला, की ते शब्द टाकून देतात. रोज सकाळी मी जाळी न लावता, माझ्याच कपड्यांत आत जायचं, खाकरायचं, ते वाक्य म्हणायचं आणि मग पत्र्याचा डबा बडवायचा, पाणी मारायचं, जाळं घेऊन मागे लागायचं. हे मौनीबाबाला जमणार नाही, कारण त्याचा आवाजच कोणाला माहीत नाही. अकरा वर्षं गप्प बसून हे होतं.

थोडक्यात, घाबरणे विभागाचा संपूर्ण चार्ज माझ्याकडे. बढतीच म्हणायची.

मौनीबाबाची माफी मागायची राहिली. त्याला घाई दिसत नाही.

११ फेब्रुवारी

कठोरपणे डबा बडवला. म्हणजे सुरुवातीला जरा बेताने, एकदम दचकले तर त्यांच्या हृदयाला बरं नाही. तीन जण ठेक्यावर माना डोलवू लागले. नळी सोडली तर सगळे पंख पसरून पुढे आले आणि आंघोळी करून घेतल्या. जाळं घेऊन मागे लागलो तेव्हा नऊ नंबर जाळ्याच्या दांड्यावर बसून माझ्याबरोबर फिरला.

उद्यापासून आणखी कठोर.

१८ फेब्रुवारी

बिस्किट आजपासून बंद. पाकीट उघडलेलं आहे ते संपलं, की बंद.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरबाई स्वतः मागे उभ्या राहिल्या आणि माझ्याकडून डबा बडवून घेतला. हात दुखेपर्यंत. अकरा पोपट क्षणात पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला. मन खट्टू झालं, पण काम ते काम. दोन नंबर परवापर्यंत माझ्याकडे बघून मान वाकडी करायचा, त्याने पाठ फिरवली.

नऊ नंबर मात्र खांद्यावर. कानाची पाळी हळूच चोचीत धरून बसला. मी म्हटलं, हा बुद्धिमान आहे, सोंग ओळखतो. डॉक्टरबाईंनी माझ्या खिशात हात घालून चुरा बाहेर काढला आणि म्हणाल्या की त्याने बिस्किट ओळखलं. आता रोज आत जाण्याआधी मौनीबाबा माझे खिसे तपासणार. चौतीस वर्षांची सेवा, एकही डाग नाही, आणि शेवटी हे.

टोपीखाली एक मावतं.

४ मार्च

शांतपणे विचार केला. आतमध्ये वाईट काय आहे? वेळेवर खाणं, सावली, डॉक्टर, रोज एक जाणकार माणूस. बाहेर ससाणे, साप, ऊन, पाऊस, ओळखीचं कोणी नाही. दोन रकान्यांत मांडलं. आतला रकाना वहीच्या दुसऱ्या पानावर गेला. नऊ नंबरला स्वतःलाच जायचं नसेल, तर आपण जबरदस्ती करणारे कोण?

हिला वाचून दाखवलं. भाजी निवडत होती. म्हणाली, तो नापास व्हावा असं तुमच्याच मनात आहे. मी म्हटलं, काहीतरीच. ती म्हणाली, असेल काहीतरीच, आणि निवडत राहिली.

काहीतरीच.

२८ मार्च, दुपारी

तपासणी. साहेब हातात घड्याळ घेऊन जाळीबाहेर उभे. मी हातावर पेरूची फोड घेऊन आत गेलो, खाकरलो, वाक्य म्हटलं. अकरा पोपट चार सेकंदांत लांबच्या टोकाला, एकाच्याही तोंडून शब्द नाही. साहेबांनी अकरा खुणा केल्या.

नऊ नंबर माझ्या मनगटावर येऊन बसला, फोड घेतली, अर्धी खाल्ली आणि मला विचारलं, लक्षात आलं ना?

साहेबसुद्धा हसले. हसत हसतच नापास लिहिलं. डॉक्टरबाईंनी खूप रदबदली करून तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. सोडण्याच्या आदल्या दिवशी एकदाच पुन्हा बघतील. तोवर त्याला वेगळा ठेवायचा, म्हणजे पास झालेले बिघडायला नकोत.

मी चेहरा गंभीर ठेवला होता. पण इथे खरं लिहायचं ठरलंय, तर फाटकापासून बसथांब्यापर्यंत मी शीळ घालत गेलो. बिस्किटांचा नवा पुडा घेतला.

२९ मार्च

नऊ नंबरचा पिंजरा तीन फुटांचा आहे. लांब पिंजऱ्याला लागूनच ठेवलाय.

सकाळी अकरा जण फेऱ्या मारायला निघाले. आता ते एकत्र उडतात, एकदम वळतात, पंखांचा आवाज होतो. ते जवळून गेले की नऊ नंबर जाळीला लटकून पंख फडफडवायचा आणि ओरडायचा. माणसाचं नाही, पोपटाचं ओरडायचा. ते गेले की गप्प. पुन्हा आले की पुन्हा. मी दोन तास बसलो होतो, चौदा वेळा झालं. मी शेजारी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

ते दमून बसले तेव्हा कुठे माझ्याकडे वळला. बिस्किट पुढे केलं. पंजात धरलं, आणि तसाच बसून राहिला. खाल्लं नाही.

३० मार्च

गेलो नाही. पाठ दुखतेय.

३१ मार्च

पाठ दुखत नाहीये. ही म्हणाली, जा, त्या डॉक्टरबाईंना विचारा काय उरलंय ते. मी म्हटलं, तुला काय कळतं पोपटांतलं. म्हणाली, पोपटांतलं नाही कळत.

२ एप्रिल

विचारलं. एक उपाय उरलाय आणि तो डॉक्टरबाईंना स्वतःला आवडत नाही. ज्या हातावर तो विश्वासाने येतो, त्याच हाताने त्याला धरायचं. टॉवेलमध्ये गच्च, सुटायची धडपड केली तरी सोडायचं नाही. मग अंधाऱ्या खोक्यात पंधरा मिनिटं. रोज. त्याला इजा होत नाही, पण त्याला ते ठाऊक नसतं. मी म्हटलं, तुम्हीच करा. त्या म्हणाल्या की मग तो फक्त मला घाबरेल, आणि माझ्याकडे तो तसाही येत नाही.

बिस्किटांचा पुडा मौनीबाबाला दिला. माफीही मागून टाकली. त्याने पाठीवर हात ठेवला.

३ एप्रिल

केलं.

हात पुढे केला तर लगेच आला, बिचारा. टॉवेल टाकून धरला. तो इतका हलका आहे हे मला आजवर कळलं नव्हतं, कारण तो नेहमी आपल्या पायांवर माझ्या खांद्यावर बसायचा. टॉवेलमधून त्याचं काळीज बोटांना लागत होतं. बोट फोडलं त्याने, दोन टाके पडले. डॉक्टरबाईंनी लगेच नियमाने बोटं मोजली, दहा आहेत.

खोक्यात ठेवला. मग आतून त्या बाईच्या आवाजात म्हणाला, दार लाव आधी. दोनदा म्हणाला. मी समोर बसलो होतो. उत्तर दिलं नाही. त्याच्या बोलण्याला उत्तर न देण्याची ही माझी पहिलीच वेळ.

घरी हिने बोट बघितलं, हळद लावू का विचारलं. डोळ्यांत काही गेलं होतं माझ्या, ते तिने विचारलं नाही.

४ एप्रिल

आजही आला हातावर. काल काहीतरी चूक झाली असेल, असं त्याला वाटलं असावं. पुन्हा धरला.

६ एप्रिल

हात पुढे केल्यावर थांबला. बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग आला. मला वाटलं होतं येणार नाही. येऊ नको म्हणून मनात म्हणत होतो, हे खरं की खोटं ते मला ठरवता येत नाही.

९ एप्रिल

खाकरलो. नऊ नंबर मागच्या कोपऱ्यात. हात आत घातल्यावर जाळीला धडकत राहिला. प्रगती.

जेवण जात नाही. उन्हामुळे असेल.

१३ एप्रिल

गेले चार दिवस तो एक शब्दही बोललेला नाही. माझं वाक्य गेलं आणि त्या बाईचंही गेलं. आज त्याला परत लांब पिंजऱ्यात सोडला. अकरा जणांनी आधी चोची मारल्या, मग सरकून जागा करून दिली. संध्याकाळी कोण कुठला ते मला खालून ओळखू येईना. कड्या बघाव्या लागल्या.

१८ एप्रिल

फेरतपासणी. आत गेलो, हातावर पेरूची फोड. खाकरायची गरजच पडली नाही, दाराची कडी वाजल्याबरोबर बाराही जण टोकाला. तीन सेकंद. पहिला नऊ नंबर.

साहेब खूश. माझी पद्धत काय होती ते सविस्तर विचारत होते, इतर केंद्रांना कळवायचंय म्हणाले. पद्धत विचारणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला. डॉक्टरबाईंना विचारा म्हणालो. फोड मीच खाल्ली.

१९ एप्रिल, सकाळी

सोडले.

मला जवळ जाऊ दिलं नाही. मी दिसलो तर भलत्याच दिशेला उधळतील, म्हणून अर्ध्या किलोमीटरवर गाडीमागे उभं केलं आणि दुर्बीण दिली. मी बारीक लक्ष ठेवून होतो. सगळीकडे काळोखच दिसला. झाकण काढायचं असतं, हे कोणी सांगितलं नाही. काढेपर्यंत दारं उघडून झाली होती आणि मौनीबाबा रिकामे खोके उचलत होता.

परत येताना मौनीबाबा गाडीत माझ्या शेजारी बसला आणि बोलला. चांगला भरदार आवाज आहे. म्हणाला की नऊ नंबर चौथा निघाला, सरळ वर गेला, मागे बघितलं नाही. मी म्हटलं, छान झालं. मग पुढचा तासभर तो त्याच्या मेहुण्याबद्दल बोलत होता. पिंजऱ्यापासून लांब आला की थांबत नाही म्हणे.

२५ एप्रिल

डबे अक्षरानुक्रमे लावण्याचा विचार आला होता. लावले नाहीत.

२ मे

जंगलाकडे जायचं नाही असं ठरवलंय. तिथे माझं काम काय? पाठपुरावा करायला डॉक्टरबाई समर्थ आहेत.

७ मे

पाठपुराव्याची माहिती जितकी जास्त तितकी चांगली, असं आमच्या विभागात मीच शिकवायचो. एखादी फेरी मारायला हरकत नाही. भावनेचा प्रश्न नाही. भीती शिकवली ती माणसाच्या जातीची, एकट्या माझी नाही. आणि जंगल म्हणजे मोकळी जागा, तिथे ना टॉवेल ना खोका, तेव्हा त्याला आधीचंही आठवू शकतं. मी काही बोलावणार नाही. तो स्वतःहून जवळ आला तर काय करायचं, याचा मात्र आधीच विचार करून ठेवला पाहिजे. हाकलून द्यायचं. थोड्या वेळाने.

१० मे, संध्याकाळी

पहिल्या बसने गेलो. दोन तास चाललो. ओढ्याकाठच्या शेंगांच्या झाडावर थवा सापडला, तीस-चाळीस असतील. शेंगा सोलून टरफलं खाली टाकत होते. दुर्बिणीचं झाकण आधी काढलं. आमचे सात मोजले, पायातल्या कड्यांवरून. केशरी कडी सगळ्यात वरच्या फांदीवर. एक शेंग सोलून अर्धी शेजारच्याला दिली. शेजारच्याच्या पायात कडी नव्हती, म्हणजे तो तिथलाच. तब्येत चांगली दिसली.

झुडपामागे पाऊण तास उभा होतो. मग एक पाऊल पुढे टाकलं. एकच.

पहिला तोच ओरडला. रेकॉर्डिंगमध्ये ऐकली होती तीच हाक, पण खरी. सगळं झाड एकदम रिकामं झालं, ज्यांनी मला जन्मात कधी पाहिलं नव्हतं तेसुद्धा त्याच्यामागून गेले. आवाज टेकडीपलीकडे जाईपर्यंत मी उभा होतो. मग पानांत अडकलेली टरफलं पडायचीही थांबली.

डॉक्टरबाईंना फोन करून कळवलं. त्यांना फार आनंद झाला. अगदी असंच व्हायला हवं होतं म्हणाल्या, आणि तुम्ही कसे आहात तेही विचारलं. उत्तम म्हटलं.

घरी आलो तर ही दारातच होती. दिसला का, विचारलं. म्हटलं, दिसला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, मी पिऊन होईपर्यंत थांबली, आणि मग विचारलं की ओळखलं का त्याने.

म्हटलं, हो. लगेच.